टेगवेनच्या उंबऱ्यावरची करडी घोडी

शुक्रवार, ६ जानेवारी १९७८. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. टेगवेनच्या बंद दारासमोर आम्ही सात माणसे आणि एक घोडी असे उभे होतो. घोडी म्हणजे काठीवर बसवलेली घोड्याची खरी कवटी, तिच्यावरून सोडलेली चादर आणि डोळ्यांच्या जागी हिरव्या बाटल्यांची बुडे. जबड्याची बिजागरी मी खाणीच्या वर्कशॉपमध्ये स्वतः बसवली होती. दोरी ओढली की तो खट्‌कन मिटत असे. चादरीखाली टेगवेनचा भाचा ग्विलिम होता.

नव्या वर्षात घोडी घरोघर फिरवायचा आमच्या गावचा रिवाज असा, की आम्ही बाहेरून पद्य टाकायचे आणि घरच्यांनी आतून उत्तर द्यायचे. आतले अडले की दार उघडते, घोडी उंबरा ओलांडते आणि त्या घराला वर्ष भरभराटीचे जाते. बाहेरचे अडले, तर घोडी तशीच पुढे निघते. म्हणून शहाणे घर थोडे भांडते आणि वेळेवर हरते. टेगवेनला तर हरायचेच होते. नवरा गेल्यावर, साठीत, तिने पुढच्या खोलीत भट्टी बांधली होती. सोमवारी बेकरी उघडायची होती, आणि घोडी घरात आल्याखेरीज आपण भट्टी पेटवणार नाही, असे ती आठवडाभर सांगत होती.

घोडीचा लगाम धरणारा आमचा म्होरक्या टुडूर. चौथ्या फेरीला त्याने गळा काढला:

“उघडा दार, उघडा दार, घोडी आमची थकली फार;
केक तुमचा विटेसारखा, भिंतीलाच देईल आधार!”

केकचे नाव काढायला नको होते. दारामागून तत्काळ उत्तर आले:

“विटा माझ्या खायला दात हवेत, टुडूरा;
घोडीचे तरी शाबूत सारे, तुझा जबडा अपुरा!”

आम्ही इतके हसलो की टुडूरला पुढची ओळ सुचवायला कोणी उरले नाही. तो तोंड उघडून उभा राहिला. दात खरोखरच कमी होते.

“हरलो,” तो म्हणाला. “चला, पुढचं घर.”

आतून आवाज आला, “अगं बाई! हे काय करून बसले मी?”

घोडी उताराने निघाली. टेगवेन पिठाच्या हातांनी मागे धावली. पण रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता. घोडी रमतगमत चालत होती, तरी दोघींमधले अंतर कमी होईना.

“जुन्या कथेतली राणीच ही!” टुडूर ओरडला.

ती कथा आमच्याकडे सर्वांना पाठ आहे. शुभ्र घोड्यावरची राणी संथ चालीने जाते आणि भरधाव स्वारांनाही गाठता येत नाही. ती मुळात अश्वरूपी देवता होती, मठांत बसून कथा लिहिणाऱ्यांनी तिला माणसात आणले, असे आमचे मास्तर सांगत. आमची घोडी तिच्याच वंशातली, हे टुडूरचे मत. पुरावा नसल्याने मी या विषयावर मत बनवले नव्हते.

टेगवेन एकाएकी थांबली. कथेतल्या राजालाही ती राणी वेगाने मिळाली नव्हती. विनंती केल्यावर मिळाली होती.

“घोडीबाई, तुझा ज्याच्यावर जीव असेल त्याची शपथ, थांब गं!”

घोडी थांबली. चादरीखालून ग्विलिम म्हणाला, “आत्या, हे आधी बोलायचंस! खांदे भरून आले माझे.”

“पण आपण हरलोय,” टुडूर अडून बसला. “हरलेल्यांनी आत जायचं नाही.”

“हरलास तू,” मी म्हणालो. “घोडीने एक ओळसुद्धा गायलेली नाही. आणि रिवाज तिच्यामुळे पडला. ती रिवाजामुळे नाही.”

“मग एकटी जाऊ दे तिला!”

“आणि लगाम कोण धरणार, तुझा काका?” टेगवेन म्हणाली. “चल मुकाट्याने. वीट खाऊन तर बघ.”

घोडीने उंबरा ओलांडला, भट्टीपाशी जाऊन जबडा तीनदा वाजवला आणि टेगवेनच्या डोक्यावरचा रुमाल पळवला. टुडूरने केक मागून घेतला, पुन्हा मागितला आणि मत मात्र दिले नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता टेगवेनची बेकरी उघडली. दुपारी एकपर्यंत भाजलेल्या एकशे बारा पावांपैकी एकशे बारा खपले.