विहिरीवरचा सलोखा

सोजराबाईचे दोन भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते, तोवर चऱ्होलीतली त्यांची विहीर पायऱ्यांपर्यंत भरलेली असायची. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे तिला फार उशिरा कळलं.

वडिलांमागे विहीर दोघांत सामाईक राहिली. आज थोरल्या उद्धवरावांची पाळी, उद्या धाकट्या नवनाथची. मग कोणी कोणाच्या पाळीत मोटर लावली यावरून काठ्या निघाल्या, प्रकरण कोर्टात गेलं आणि निकाल लागेपर्यंत कोणीच मोटर लावायची नाही, असा हुकूम झाला. कोर्टाचा निकाल म्हणजे काय, उद्या-परवा लागतो थोडाच! भावांनी शेतं बिल्डरांना दिली, बंगले बांधले, पण भांडण तेवढं जपलं. विधवा होऊन माहेरी आलेली ही मोठी बहीण विहिरीलगतच्या दोन खोल्यांत राहायची. बादलीनं पाणी शेंदून तुकडाभर रानात मेथी-कोथिंबीर करायची आणि आळंदी रस्त्याला बसून विकायची. तिच्या बादलीला दोघांचीही हरकत नव्हती.

जिवाला घोर होता तो भावांचाच. एका आईची लेकरं एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत, हे तिला खायचं. शेवटी भाऊबीजेला तिनं एकाला सांगितलं, दुसरा येणार नाही; दुसऱ्यालाही तेच. दोघं आले, शेजारी शेजारी मांडलेले पाट पाहून चपापले. तोवर बाईनं आतून कडी घातली होती आणि दाराला पाठ लावून ती उभी होती.

"एका तांब्यातलं पाणी प्या," ती म्हणाली, "न्हाईतर आजपासून मला भन म्हनू नका."

दोघं प्यायले. नवनाथ तर रडलाच. बाईनं दोघांना ओवाळलं. गावानं तिला डोक्यावर घेतलं. महिन्याभरात दावा मागे घेतला गेला आणि विहिरीवर मोटर बसली. एक नाही, दोन.

सोसायट्यांना पाणी लागतंच. फ्लॅट घेताना नळाला पाणी येईल का, हे विचारायचं कोणाच्या मनात येत नाही. भावांनी भागीत टँकर घेतले, टँकरवर दोघांची नावं जोडीनं रंगवली. पाणी खाली गेलं तसे विहिरीच्या तळात आडवे बोअर मारले. शिमग्यापर्यंत बाईची बादली कोरडी वर यायला लागली. मेथी पिवळी पडली, मग करपली.

ती उद्धवरावांकडे गेली. "नवनाथला इचारून सांगतो," ते म्हणाले. ती नवनाथकडे गेली. "दादाला इचारतो, आक्का." दोघांनी एकमेकांना विचारलंही, आणि दोघांचं एकमत झालं: एवढ्याशा भाजीसाठी उन्हात मरायचं कशाला, आक्कानं घरी बसून खावं. कधी याच्या घरी, कधी त्याच्या घरी. जन्मभर स्वतःच्या कमाईचं खाल्लेल्या बाईला त्यांनी किती मायेनं भिकेला लावलं!

आठवडाभर ती कधी याच्या, कधी त्याच्या घरी जेवली. मग एके दुपारी ती उद्धवरावांच्या ओसरीवर जाऊन बसली आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते तिनं केलं.

"तू नसलास की नवनाथ चोरून जादा टँकर भरतो," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

उद्धवरावांनी तिच्याकडे पाहिलं. पूर्वी एवढ्यावर काठी काढली असती त्यांनी. आता खिशातला मोबाईल काढला. थोड्याच वेळात नवनाथची गाडी दारात उभी राहिली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि त्याचा चेहराच उतरला.

"आक्का, आमच्यात लावालावी करतीस व्हय? तू?"

"व्हय, करती," बाई म्हणाली. आता लपवायचं काय राहिलं होतं! "खोटंच बोलले मी. तुमी भांडत व्हता तवा हिरीला पानी व्हतं, माझं मी कमवून खात व्हते. भांडा रे बाबांनो. माझ्यासाठी भांडा."

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी रागावलं नाही, आवाज चढवला नाही.

"नवनाथ," उद्धवराव हलक्या आवाजात म्हणाले, "आक्काला घरी सोडून ये. ऊन लागलंय तिला."

"व्हय दादा," नवनाथ म्हणाला, आणि त्यानं बहिणीला दंडाला धरून उठवलं.