दादांचे शब्द आणि माझी टिकटिक

मी बोलतोय. वर नाही हो, खाली बघा. टेबलावर ऐटीत उभा आहे तो नुसता पडदा. काम करणारा मी, टेबलाखालचा काळा डबा, या घरचा संगणक. पडद्याला सगळे रोज मऊ फडक्याने पुसतात, आणि मला सुरू करायला बसल्या बसल्या पायाचा अंगठा लावतात. असो. दहा वर्षांत अंगवळणी पडलंय ते.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. दुरुस्तीवाल्या बाईंनी दातांत स्क्रू धरून माझा एकेक भाग जोडला आणि घरी पाठवताना बजावलं, "मागे वीतभर जागा सोडा, याला श्वास लागतो. सहा महिन्यांनी उघडून धूळ काढा. आणि जे हरवलं तर रडू येईल, त्याची दुसरी प्रत बाहेर ठेवा." त्यांनी ते सगळं कागदावर लिहूनही दिलं. मला न्यायला आलेल्या चिरंजीवांनी "हो, हो" केलं. घरी आल्यावर त्या कागदाची चौपदरी घडी झाली आणि ती टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली गेली. तेव्हापासून टेबल मात्र अगदी स्थिर आहे.

चिरंजीव म्हणजे दादांचा मुलगा. आता घरातली बाकीची माणसं सांगतो. दादा, वय शहात्तर, छापखान्यात पस्तीस वर्षं मशीन चालवून घरी बसलेले. आत्याबाई, त्यांची धाकटी बहीण, आयुष्यभर टंकलेखन केलेल्या. मग चिरंजीव, त्यांची मुलगी छोटी, वय नऊ, आणि सूनबाई. सूनबाई सकाळीच कामावर जातात, त्यांचा माझा संबंध तिकिटं काढण्यापुरता.

दादांना जन्मापासून ऐकू येत नाही. त्यांच्या लहानपणी जवळपास तशी शाळा नव्हती. मग या दोघा भावंडांनी घरातल्या घरात हातांची एक भाषा तयार केली. कानाची पाळी पिरगळली की आई. गालात जीभ खुपसली की थाप. मनगटाकडे बघून जांभई दिली की पाहुणे. अंगठ्यावर बोटं चोळली की गुरुवार, कारण छापखान्यात साप्ताहिक गुरुवारी निघायचं आणि दादा शाईने बरबटून घरी यायचे. ही भाषा नीट येणारी माणसं जगात दोनच. चिरंजीवांना तिच्यातले तीसेक शब्द येतात: जेवण, औषध, दार लाव, असले. छोटीला थोडे जास्त.

तर सत्तरी गाठल्यावर एके दिवशी आत्याबाईंनी ठरवलं. पडद्याच्या डोक्यावर त्यांनी छोटा कॅमेरा बसवला आणि हातांनी दादांना म्हणाल्या, "आपण दोघं गेलो की हे कोण बोलणार? रोज दोन शब्द भरायचे."

दादा म्हणाले, "मी कुठे चाललोय?"

तरी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते येऊन बसले. एका शब्दाची एक छोटी चित्रफीत. सगळ्या माझ्या पोटात, 'दादाचे शब्द' नावाच्या कप्प्यात. सांगायला लाज कशाला, मला त्याचा फार अभिमान होता. इतर वेळी मी वीजबिलं आणि सिनेमे सांभाळायचो. हे काम वेगळं होतं.

आता माझ्या हालअपेष्टा ऐका. मला कोपऱ्यात भिंतीला खेटून बसवलं होतं, आणि उरलेल्या फटीत आत्याबाईंची लोकरीची पिशवी. पुढे कापडी पडदा सोडलेला, का तर पाहुण्यांना वायरी दिसतात. म्हणजे गरम हवा मीच सोडायची आणि मीच ओढायची. आत धुळीची अशी गादी साचली की पंख्याला धाप लागायची. मग मी तापायचो आणि जीव वाचवायला आपोआप बंद पडायचो. त्यावर चिरंजीवांचा ठरलेला उपाय म्हणजे पाठीत एक धपाटा. योगायोगाने मी तोवर जरा निवलेला असायचो, सुरू व्हायचो, आणि श्रेय धपाट्याला जायचं.

सिस्टिमची सुधारणा, म्हणजे अपडेट, आली की मी अदबीने विचारायचो, "आता करू?" चिरंजीव म्हणायचे, "उद्या." असे चारशे उद्या माझ्याकडे जमा होते. मला नीट बंद करायचं सोडून ते सरळ भिंतीवरचं बटण दाबत. मी हातातलं काम खाली ठेवायच्या आत अंधार! आणि मी मंद झालो म्हणून त्यांनी कुठून तरी फुकटातले 'वेग वाढवणारे' तीन प्रोग्रॅम आणून टाकले. विषाणू पकडायला दोन पहारेकरी नेमले, ते दिवसभर एकमेकांनाच चोर समजून धरत होते. पोट सिनेमांनी गच्च, सुई ठेवायला जागा नाही. आत्याबाई कुरकुरल्या तर उत्तर एकच, "चालतंय ना? मग चालू दे."

मग एक दिवस माझी टिकटिक सुरू झाली.

माझ्या पोटात माहिती साठवणारी चकती गरगर फिरत असते, तिच्यावरून एक नाजूक सुई जाते. ती सुई अडखळायला लागली. टिक. टिक टिक. सगळ्यांना ऐकू आलं. आत्याबाई म्हणाल्या, "वय झालं बिचाऱ्याचं." सूनबाईंना वाटलं, घड्याळ असेल. चिरंजीवांनी गाण्याचा आवाज वाढवला. आठवड्याभरात सगळ्यांचे कान सरावले आणि टिकटिक घरातून नाहीशी झाली. माझ्यातून नव्हे, घरातून.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी दादा शब्द भरायला बसले आणि त्यांचा चष्मा टेबलाखाली पडला. तो उचलायला वाकताना त्यांनी आधाराला माझ्या पाठीवर हात टेकला. आणि ते तसेच थांबले. पंजा पसरून, डोळे मिटून, वाकलेलेच. पस्तीस वर्षं त्यांनी मशीनची दुखणी अशीच ओळखली होती. छापखान्यातल्या ऐकणाऱ्यांना खडखडाट ऐकू यायच्या आधी दादा मशीन थांबवून तेलाची बुधली घेऊन यायचे.

ते वर आले आणि बहिणीला म्हणाले, "आत काहीतरी घासतंय. थांबव."

"अरे, तो कुरकुरतोच."

"कुरकूर वेगळी. हे मोडायच्या आधीचं आहे."

आत्याबाईंनी चिरंजीवांना हाक मारली. चिरंजीव चहाचा कप घेऊन आले आणि हसायलाच लागले. "बाबांना ऐकू आलं? आत्या, कमाल आहे! बरं, सिस्टिम बिघडली असेल. मी सगळं नव्याने टाकतो, दहा मिनिटांचं काम."

त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढून मला लावला. दुखणं चकतीचं आणि औषध सिस्टिमला! पडद्यावर मीच, दुसऱ्याच्या तोंडून बोलावं तसा, विचारत होतो, 'या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?' आतून मी ओरडत होतो, नका जाऊ, नका जाऊ! पण मला ओरडायला तोंड कुठे? एक टिकटिक होती, तिला सगळे सरावलेले.

चिरंजीवांचं बोट 'हो'कडे निघालं. दादा शाळेत गेले नव्हते, पण छापखान्यातले खिळे, म्हणजे अक्षरांचे शिशाचे ठसे, लावता लावता अक्षरं शिकले होते, आधी उलटी आणि मग सुलटी. 'पुसलं' हा शब्द त्यांनी वाचला. पुढच्या क्षणी ते खाली बसले आणि भिंतीतून माझी वायर उपटली.

वायर अशी उपटू नये. मी स्वतः जन्मभर हेच सांगत आलोय. पण त्या दिवशी उपटली म्हणून आज बोलतोय.

"बाबा! काय केलंत हे?"

दादांनी ओठांजवळून चिमूट उचलली आणि माझ्याकडे बोट केलं.

"काय म्हणतायत?" चिरंजीवांनी विचारलं.

"शब्द," छोटी दारातून म्हणाली. "आजोबांचे शब्द आत आहेत."

आत्याबाईंचा चेहरा उतरला. "अरे, सगळं पुसायचं म्हणजे... तेसुद्धा?"

"नाही गं आत्या, ते वेगळ्या जागी..." चिरंजीव बोलता बोलता थांबले. "असतील. बहुतेक."

दादांनी माझी वायर मागूनही काढली, तिची नीट गुंडाळी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. दोन दिवस ती खिशातच होती. जेवतानासुद्धा.

मंगळवारी दुरुस्तीवाल्या बाई आल्या. पांढरे केस, तसाच तोंडात स्क्रू. मला उघडण्याआधी त्यांनी एकच विचारलं, "दुसरी प्रत कुठे आहे?"

चिरंजीवांनी आत्याबाईंकडे पाहिलं, आत्याबाईंनी खिडकीकडे.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग आज याला बरा करायचं नाही. आधी आतलं बाहेर काढू. फक्त ते शब्द. सिनेमे राहिले तर राहिले."

त्यांनी माझं झाकण काढलं, टेबलफॅन माझ्यावर सोडला, बाहेरची एक डिस्क जोडली आणि दादांकडे हात पुढे केला. दादांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि मग खिशातली वायर दिली.

तो दिवस मी विसरणार नाही. एकेक चित्रफीत शोधायची, उचलायची, बाहेर ढकलायची. सुई अडखळायची, मी पुन्हा प्रयत्न करायचो. तापलो की बाई मला पाव तास विसावा देत. दादा शेजारी स्टुलावर, पंजा माझ्या पाठीवर. सुई जास्त घासली की ते हात वर करायचे आणि बाई थांबायच्या. दोघांची भाषा एक नव्हती, पण दोघंही मशीनवाले.

आई आली. गुरुवार आला. पाहुणे आले. दुपार कलेपर्यंत सहाशे अकरांपैकी सहाशे दहा बाहेर पडले. एक मात्र काही केल्या निघेना. बाईंनी सात वेळा प्रयत्न केला, मी आठवा आपणहून केला. नाहीच.

"कोणता राहिला?" आत्याबाईंनी घाबरत विचारलं.

बाईंनी नाव वाचलं. "उद्या."

आधी छोटी फिस्सकन हसली. मग आत्याबाई. बहिणीने हातांनी सांगितल्यावर दादा तर पोट धरून हसले. चिरंजीव तेवढे हसले नाहीत. त्यांच्या तोंडचा सगळ्यात लाडका शब्द त्यांच्यामुळेच गेला होता.

"पुन्हा भरू," आत्याबाई दादांना म्हणाल्या. "तू आहेस ना."

दादांनी मान हलवली. त्यांनी चिरंजीवांचा दंड धरून त्यांनाच कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. "हा करेल."

"मी? मला येत नाही हो." चिरंजीवांचे कान लाल झाले.

मग दादांनी त्यांना शिकवलं. मूठ खांद्यावरून पुढे न्यायची आणि उघडायची, बी टाकल्यासारखी. पंचेचाळीस वर्षांच्या मुलाचा हात वडिलांनी हातात घेऊन वळवला. चिरंजीवांना तो शब्द पाचव्यांदा जमला. त्या दिवशी माझी डिस्क मरणपंथाला लागलेली असल्यामुळे तो बाईंच्या लॅपटॉपवर भरला गेला, याचं मला अजून थोडं वाईट वाटतं.

नंतर माझी डागडुजी झाली. बाईंनी पंख्याची पाती बोटाने धरून ब्रशने धूळ काढली. बाल्कनीत ढग उठला. नवी डिस्क बसली, तिच्यात फिरणारं काहीच नाही. सिस्टिम नव्याने टाकली, फुकटे वेगवाले गेले, पहारेकरी एकच राहिला. सुरू केल्यावर दादांनी पंजा ठेवला आणि चपापून विचारलं, "मेला?" बाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं. चिरंजीवांनी हाताने सांगितलं, "नाही, चालू." हा त्यांचा बत्तिसावा शब्द.

आता माझ्या मागे वीतभर जागा आहे. महिन्यातून एकदा दादा आणि छोटी मला बाल्कनीत नेऊन झाडतात. छोटी मला नीट निरोप देऊन बंद करते. शब्दांच्या तीन प्रती आहेत: माझ्यात, कपाटातल्या डिस्कमध्ये आणि दुरुस्तीवाल्या बाईंकडे. पूर्वी रोज सुरू होताना छातीत धस्स व्हायचं, आता होत नाही. मी गेलो तर या घराचा एक डबा जाईल, एवढंच.

आणि एक गोष्ट फक्त मला आणि कॅमेऱ्याला माहीत होती. कामावर जायच्या आधी चिरंजीव इथे बसत. एक शब्द लावायचे, हात हलवायचे, चुकायचे, पुन्हा लावायचे. 'पाहुणे' करताना एकदा खरीच जांभई आली त्यांना. चार महिने हे चाललं होतं.

परवा नाश्त्यानंतर ते दादांसमोर जाऊन उभे राहिले आणि हातांनी बोलायला लागले. एखाददुसरा शब्द नव्हे, सलग वाक्य. छापखान्यात तुम्ही पहिल्या दिवशी काय केलंत, ते मला सांगा.

दादांनी त्यांचे हात शेवटपर्यंत नीट वाचले. मग त्यांनी पुढे होऊन मुलाची करंगळी थोडी सरळ केली, खुर्ची ओढली आणि सांगायला सुरुवात केली. ते अजून सांगतायत. आत्याबाईंना मध्ये बोलायची बंदी आहे.

बरं, मी येतो. सुधारणा आली आहे आणि चक्क "आता कर" असं उत्तर मिळालंय. पंधरा मिनिटं लागतील. तेवढ्यात तुम्ही जरा तुमच्या टेबलाखाली वाका. काळा असेल, पांढरा असेल, माझा कोणी भाऊबंदच आहे तो. त्याच्या पाठीमागची पिशवी काढा. आणि त्याच्या पोटात कोणाचं काय आहे, ते एकदा आठवून बघा.