कमरेची किल्ली

दुपारच्या जेवणाचा डबा उघडला की मेट्रन कमलबाई आधी खोलीचे दार लावून घेत. तरी वास आत येतच असे. जुन्या वॉर्डाचा तो वास होता. फिनेल संपून तीन आठवडे झाले होते, न्हाणीत पाणी नव्हते आणि नारूने सडलेल्या पायांच्या पट्ट्या कोपऱ्यातल्या बादलीत दिवसभर पडून राहत. त्या दिवशी त्यांनी भाकरीचा पहिला घास तोंडाशी नेला आणि तो तसाच डब्यात परत ठेवला.

दुष्काळाचे वर्ष होते ते, एकोणीसशे त्र्याहत्तरचा उन्हाळा. जळगाव-धुळे रस्त्यापासून आत असलेल्या एका तालुक्याच्या गावी हा धर्मादाय दवाखाना होता. डॉक्टर सकाळी दोन तास येत, बाकी दवाखाना कमलबाईंच्या शब्दावर चाले. एकोणीस वर्षे झाली होती. पहिली दहा वर्षे त्या धावत कामाला येत. आता रोज सकाळी फाटकाशी त्यांची पावले मंदावत.

पर्समध्ये वरणगावच्या कारखान्याच्या दवाखान्याचे नोकरीचे पत्र होते. ठरलेले तास, स्वच्छ वॉर्ड, राहायला क्वार्टर. मुख्य म्हणजे त्यांचे पती रतिलाल त्याच कारखान्यात नोकरीला होते. आठ वर्षे हा संसार रविवारपुरता चालला होता. शनिवारपर्यंत होकार पोचायला हवा होता आणि आज गुरुवार उजाडला होता. आता सांगा, यात विचार करण्यासारखे काय होते?

पण त्यांना किळस कशाची आली होती ते आधी सांगितले पाहिजे. नारूची नव्हे. नर्स नारूला भीत नाही.

जुन्या वॉर्डासमोरच नवे प्रसूतिगृह उभे होते. गावातले व्यापारी दलिचंदशेठ यांनी आपल्या आईच्या, सुगनबाईंच्या नावाने ते बांधून दिले होते. बारा खाटा, पंखे, पाण्याची स्वतंत्र टाकी, सगळे तयार. फक्त दाराला कुलूप होते, दारावर लाल फीत होती आणि भिंतीतल्या संगमरवरी शिळेवर पडदा होता. मंत्रीसाहेब येऊन पडदा बाजूला करणार, मग बायकांनी बाळंत व्हायचे, असे दवाखाना चालवणाऱ्या समितीचे ठरले होते. मंत्रीसाहेबांनी पाच तारखा दिल्या आणि पाचही मोडल्या. एकदा दौरा बदलला, एकदा गाडी बिघडली, एकदा तर कारणसुद्धा कळवले नाही. दर वेळी रांगोळी निघाली, पेढे आले आणि समितीनेच ते खाल्ले. सहा महिने बारा कोऱ्या गाद्या धूळ खात होत्या आणि समोरच्या वॉर्डात बाया नारूच्या रोग्यांशेजारी जमिनीवर बाळंत होत होत्या. वाचकहो, आपल्या गावातही असे एखादे कुलूप असेल. नीट आठवून पाहा.

त्या सकाळी समितीचे चिटणीस इंदरचंदशेठ आले होते. नाकाला रुमाल लावूनच ते व्हरांड्यात उभे राहिले.

"मेट्रनबाई, शनिवारी नक्की येतायत साहेब. नव्या इमारतीची बाहेरची फरशी आज आणि उद्या, दोनदा धुवून घ्या. टँकर सांगितलाय."

"शेठ, आधी चार बादल्या इकडे देता का? दोन दिवस वॉर्ड धुतलेला नाही."

"इकडे कोण बघायला येणार आहे? आणि मागच्यासारख्या सगळ्या नर्सबाया फाटकापाशी हव्यात. आरतीची ताटं, हिरवी लुगडी. यादी तुम्हीच करा, तुमची यादी चांगली असते."

"आणि त्या वेळी एखादी बाई अडली तर?"

"थोडं मागंपुढं करा की. तुम्हाला काय सांगायचं!"

बाळंतपण मागेपुढे करायचे! कमलबाई यावर हसल्याही नाहीत. त्यांनी निमूटपणे यादी केली. टँकर आला, नवी टाकी भरली, दाराबाहेरची कोरी फरशी धुतली गेली आणि ते पाणी पायरीवरून ओघळत धुळीत जिरले. वॉर्डातल्या बाया खिडकीच्या गजांना धरून ते पाणी बघत होत्या. कमलबाईंनी नजर फिरवली. खोलीत जाऊन त्यांनी डबा उघडला, तो बंद केला आणि वरणगावला होकाराचे पत्र लिहिले.

पत्र पाकिटात घालून त्या पोस्टाकडे निघाल्या, तोच फाटकात बैलगाडी थांबली. एरंडोलच्या बाजूच्या एका खेड्यातली लताबाई नावाची पहिलटकरीण गाडीत होती. कळा सुरू होऊन बराच वेळ झाला होता, ओठ सुकले होते. तिला आत घेतले, पण वॉर्डात एकही खाट मोकळी नव्हती. चुडामणच्या खाटेजवळ जमिनीवर सतरंजी टाकून तिला निजवले. चुडामणच्या पायातून नारूचा दोऱ्यासारखा जंत बाहेर आला होता, तो काडीला गुंडाळून ठेवला होता आणि त्या जखमेतला पू खाटेच्या कडेवरून टपकत होता. खाली हातभर अंतरावर लताबाईचे डोके होते.

चुडामणने ते पाहिले. शेतमजूर माणूस, वयाने पन्नाशीचा. तो कोपरांच्या आधाराने उठून बसला आणि अहिराणीत म्हणाला:

"मोठ्या बाई, माले वसरीमा टाकी द्या. मन्हा पायनी घाण शे. तिले खाटवर निजाडा."

"अरे, व्हरांड्यात ऊन आहे."

"ऊन चाली. पोर नवी शे."

कुणाची वाट न पाहता तो खाली उतरला आणि बसूनच सरपटत दाराकडे निघाला. सडलेल्या पायाचा माणूस बाईसाठी जागा सोडत होता आणि बारा खाटा कुलपात होत्या. कमलबाईंना ते बघवेना. त्या तडक व्हरांड्यात आल्या आणि खांबाला धरून उभ्या राहिल्या.

मागून आया शेवंताबाई आली. ही वीस वर्षे इथली घाण काढत होती. दवाखान्यात डॉक्टरांना न घाबरणारी ती एकटीच.

"तुम्ही कोठे जाई ऱ्हायनात, बाई?" तिने त्यांच्या हातातल्या पाकिटाकडे पाहून विचारले.

"पोस्टात. शेवंता, मी वरणगावला जाते. मला ही माणसं नकोत. माणसं कसली, पेढे खाणारी गिधाडं. इथं आणखी एक महिना काढला तर मी माणूस राहणार नाही."

"जा ना. कोन नही म्हनस? तुम्हना माणूस तठे शे." शेवंताबाईने पदराला हात पुसले. "पन एक सांगा. इंदरचंदभाऊनी कुलूप लाई दिधं, खरं शे. किल्ली कोना कंबरले शे?"

कमलबाईंचा हात आपोआप कमरेकडे गेला. जुडग्यात ती पितळी किल्ली होती. सहा महिने होती.

"मला उघडायचा अधिकार नाही."

"आरतीनी यादी कराना अधिकार शे, नही का?" शेवंताबाईने आवाज चढवला नाही. "मांगना खेपले तुम्ही बठ्ठ्या नर्सबाया फाटकवर उभ्या व्हत्यात. आत ती धरणगावनी पोर नर्सशिवाय बायंतीन व्हयनी. मी एकली तिनाजोडे व्हती. तिले ताप भरना, आठ दिनमा ती गयी. मंत्रीनी मारं का तिले? तो तर उनाच नही."

त्या मुलीचे नाव सुनंदा होते. तिच्या तापाचा तक्ता त्यांनीच भरला होता आणि मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात फक्त 'ज्वर' लिहिले होते.

"तुम्ही जाशात, दुसऱ्या बाई येतीन. किल्ली तिसना कंबरले जाई. कुलूप तठेच ऱ्हाई." शेवंताबाईने आपले खरबरीत तळवे पुढे धरले. "हातले लागेल घाण धोवाई जास, बाई. देखीसन गप बसानी घाण धोवाई जात नही."

आतून लताबाईची किंकाळी आली. एवढा वेळ कमलबाईंना इंदरचंदशेठांची किळस येत होती, समितीची येत होती, न येणाऱ्या मंत्र्याची येत होती. आता ती वळून त्यांच्यावरच आली. नीट यादी करणारी, नीट तक्ता भरणारी, किल्ली नीट सांभाळणारी बाई! हिच्या नीटपणावरच तर ते कुलूप सहा महिने टिकले होते.

त्यांनी पाकीट पर्समध्ये टाकले, ड्रेसिंगच्या टेबलावरची कात्री घेतली आणि अंगण ओलांडले. फीत कापली. किल्ली कुलपात घातली, तर कुलूप धुळीने घट्ट बसले होते. दोनदा जोर केला तेव्हा ते निघाले.

"स्ट्रेचर आणा," त्या म्हणाल्या. "आणि त्या टाकीतलं पाणी उकळायला ठेवा. शेवंता, चुडामणला सावलीत घे आणि त्याची खाट त्याला परत दे."

पाच वाजायच्या आत लताबाई सुटली. मुलगी झाली. डोके मोठे होते, त्यामुळे वेळ लागला, पण खाली स्वच्छ गादी होती, हात धुवायला पाणी होते आणि दोन नर्सा जवळ होत्या. पुढच्या तासाभरात जुन्या वॉर्डातल्या पाच बाळंतिणी नव्या खाटांवर आल्या. मग कमलबाईंनी दुपारचा डबा उघडला आणि थंड भाकरी उभ्याउभ्या खाल्ली.

इंदरचंदशेठ नव्या वॉर्डात आले तेव्हा त्यांना नाकाला रुमाल लावायचीही आठवण राहिली नाही.

"फीत कुणी कापली?"

"मी."

"परवा साहेब येणार, आणि तुम्ही... आज रात्रीपर्यंत सगळं होतं तसं करा. खाटा रिकाम्या, फरशी धुवून, फीत नवी. हा समितीचा हुकूम आहे."

कमलबाईंनी हजेरीचे पुस्तक उघडले, कोरे पान काढले आणि पेन त्यांच्यापुढे ठेवले.

"लिहून द्या. बाळंतिणींना बाहेर काढून फरशी धुवावी, खाली सही. लगेच करते. माझा राजीनामाही त्याच पानावर लिहीन."

इंदरचंदशेठांनी पेन उचलले. खाटेवरून लताबाई त्यांच्याकडे बघत होती. चुडामण समोरच्या वॉर्डाच्या खिडकीतून बघत होता. शेठांनी पेन खाली ठेवले, दलिचंदशेठांना विचारतो म्हणाले आणि गेले. तोंडी हुकूम देणाऱ्या माणसाला लिहायला लावा, त्याचा निम्मा हुकूम तिथेच विरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दलिचंदशेठांच्या पत्नी चंदनबाई स्वतः आल्या. सोबत डिंकाच्या लाडवांचा डबा होता. त्या सगळ्या खाटांपाशी फिरल्या आणि जाताना शिळेवरचा पडदा काढून त्यांनी घडी घातली.

"सासूबाईंना पडद्याची सवय नव्हती," एवढेच त्या म्हणाल्या.

त्याच दुपारी तार आली. साहेबांचा दौरा रद्द झाला होता.

शनिवार गेला. होकाराचे पाकीट पर्समध्येच राहिले आणि वरणगावची जागा दुसरीला मिळाली. कमलबाईंना वाईट वाटले, खोटे कशाला सांगा? रविवारी रतिलाल आले. सगळे ऐकत ते जेवले. नंतर नवा वॉर्ड पाहून आले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी जागा निघाली की सांगतो. तोवर मी शनिवारीच येत जाईन."

वाचकहो, कमलबाई पुढे दोन वर्षांनी वरणगावला गेल्या, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. थकलेल्या माणसाला नोकरी सोडण्याचा हक्क आहे. पण ज्या घाणीची आपल्याला किळस येते तिची किल्ली आपल्याच कमरेला नाही ना, हे सोडण्यापूर्वी चाचपून पाहावे. असली तर आधी कुलूप काढावे, मग खुशाल जावे. नाक दाबून निघून जाणाऱ्याला आपण स्वच्छ आहोत असे वाटते, पण मागे राहिलेल्या घाणीत त्याचाही वाटा असतो.

ते कुलूप समितीने पुष्कळ शोधले. शेवंताबाईने ते किल्लीसकट आपल्या शेळ्यांच्या गोठ्याला लावले होते.