सोजराबाईची शाल

सोजराबाईला पोलीस शाल पांघरवणार, ही बातमी कोकरेवस्तीवर आली आणि गिताबाईच्या घशाखाली भाकर उतरेना. सून रुपालीनं काळजीनं विचारलं, "आत्ती, बरं वाटत न्हाई का?"

"मला काय धाड भरलीय?" म्हणत गिताबाईनं ताट सारलं.

धाड तर भरलीच होती, पण सांगता कुणाला? पोटात दुखलं तर ओवा खाता येतो. शेजारणीचं चांगलं झालं म्हणून दुखलं तर काय खायचं, हे अजून कुणा वैद्याला सापडलेलं नाही.

दोघी मेंढपाळांच्या लेकी. मेंढरांमागं फिरणाऱ्या एकाच वाड्यावर वाढल्या आणि मांडवगणच्या अलीकडं या एकाच वस्तीत सुना म्हणून आल्या. पुढं मेंढरं गेली, ऊस-कांदा आला, पक्की घरं झाली. दोन घरांच्या मधोमध एक शेवगा आहे. झाड दोघींचं, पण शेंगा सोजराबाईच्या बाजूला जास्त लागतात, असं गिताबाई वर्षानुवर्षं सांगत आलीय. झाडसुद्धा फितूर निघालं, आता बोला!

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण सोजराबाईचा हनुमंत रांजणगावच्या कंपनीत कायम झाला आणि त्यानं दौंडच्या सराफाकडून आईला बोरमाळ घडवून आणली. गिताबाईचा पप्पूही कंपनीतच आहे की! त्यानं पहिल्या पगारात स्वतःला गॉगल घेतला आणि आईला जिलेबी आणली. जिलेबी गळ्यात घालून कुणी लग्नाला जातं का?

सोजराबाई बोरमाळ घेऊन पहिल्यांदा गिताबाईकडंच आली होती. "गिते, बघ गं, जड हाय का?"

गिताबाईनं ती तळहातावर तोलली. चांगली जड होती. "मण्यांत लाखच जास्त भरलीय वाटतं," ती म्हणाली आणि परत दिली. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. भर दुपारी वस्तीवरची माणसं कांदा काढायला गेलेली. मोटरसायकलवरून दोन माणसं आली, खांद्याला पिशवी, हातात पांढरी पावडर. एक जण गाडीवरच बसून राहिला, दुसरा गिताबाईच्या दारात उभा राहिला. "माताजी, सोना-चांदी चमका देंगे. फ्री में. कंपनी का प्रचार है."

गिताबाई काही दुधखुळी नव्हती. असली माणसं कशी फसवतात, ते तिनं पप्पूच्या मोबाईलवर पाहिलं होतं. त्याची भिरभिरती नजर बघूनच तिनं ओळखलं की हे लक्षण काही धड नाही. तिनं आरडाओरडा करायला पाहिजे होता. निदान दार तरी लावायचं! पण तिचा हात वर झाला आणि बोट शेवग्याकडं गेलं.

"आमच्याकडं कुठलं सोनं, बाबा? त्या झाडापल्याडच्या घरी जावा. तिकडं नवी बोरमाळ हाय."

बोलून गेली आणि मग आपण काय केलं ते तिला उमगलं. पण हाक काही मारली नाही. झिजू दे की जराशी, असं स्वतःला समजावत ती घरात जाऊन बसली.

तिकडं त्या भामट्यानं सोजराबाईची बोरमाळ डब्यात टाकल्यासारखी केली, हळद घातली, पाणी ओतलं, झाकण लावलं आणि म्हणाला, दस मिनट गॅस पे रखो. आता सोजराबाईची एक खोड आहे. चुलीवर काहीही चढवताना ती झाकण काढून आत बघतेच. बघितलं, तर नुसतं पिवळं पाणी! भामटा उंबरा ओलांडून गाडीकडं निघाला होता. ही बाई तशीच धावली आणि वाघराच्या जाळीतून निसटणाऱ्या मेंढीची धरावी तशी तिनं त्याची मागची तंगडी धरली. गडी तोंडावर आपटला. साथीदार गाडी घेऊन पसार झाला. बोरमाळ पायमोज्यात सापडली. बायका जमल्या, आणि त्यात सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडली ती गिताबाई.

ओरडली खरी, पण आतून दोन्ही बाजूंनी जळत होती. एक म्हणजे पोलिसांनी नेलेला चोर आता कोठडीत होता आणि कोठडीत माणसाला कंठ फुटतो. बोट कुणी दाखवलं, हे त्यानं सांगितलं तर वस्तीत तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. ज्या सोजरीबरोबर एका घोंगडीवर झोपून लहानाची मोठी झाली, ती पुन्हा दारात उभी करणार नव्हती. आणि दुसरं दुखणं त्याहून खोल. तंगडी धरायला सोजरीला शिकवलं कुणी? गिताबाईनं! लहानपणी मेंढी सोजरीला फरफटत न्यायची आणि सोजरी भोकाड पसरायची. "मानंला न्हाई गं येडे, मागच्या पायाला धर," असं हिनंच शिकवलं. आता विद्या हिची आणि शाल तिला.

शिरूरच्या पोलीस साहेबांनी बिरोबाच्या देवळात सभा ठेवली. गावाचे प्रश्न ऐकायचे, उत्तरं द्यायची आणि सोजराबाईचा सत्कार करायचा. गिताबाईनं ठरवलं, मागं खांबाआड बसायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. न जाऊन भागणार नव्हतं, न जाणारीवरच आधी संशय येतो.

सरपंच आनंदरावांनी नारळ दिला, साहेबांनी माईक घेतला. वस्तीवरच्या ज्ञानदेवनं नदीवरच्या पाण्याच्या मोटारी चोरीला जातात त्याचं विचारलं. साहेब म्हणाले, मोटारीवर नाव कोरून घ्या, पाळीपाळीनं गस्त घाला, बाकी आमची गाडी फिरवतो. मग रंगुबाई उठली. "सायेब, अनोळखी मानूस दारात आला तर बाईमाणसानं काय करायचं?"

"दार उघडू नका. गाडीचा नंबर बघा. एकशेबाराला फोन करा," साहेब म्हणाले, "आणि शेजारणीला हाक मारा. मी शिरूरहून येईपर्यंत वेळ लागतो, शेजारीण लगेच येते. तुमचा पहिला पोलीस तीच."

खांबाआड गिताबाईनं पदर तोंडावर ओढला.

मग शाल आली. मरून रंगाची, काठाला जर असलेली. टाळ्या वाजल्या. साहेबांनी कौतुकानं विचारलं, "मावशी, अशी तंगडी धरायला कुठं शिकलात?"

सोजराबाई लाजली. "आमच्या वाड्यावर, सायेब. ल्हानपनापासनं येतंय."

ल्हानपनापासनं येतंय! आईच्या पोटातून शिकून आली का काय ही? गिताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठरवलेलं सगळं चुलीत गेलं आणि ती ताडकन उठली. "म्या शिकवलं तिला! आन् त्यो चोरबी आधी माझ्या दारात आला हुता!"

साहेबांनी माईक खाली घेतला. "तुमच्या दारात आला होता? मावशी, तो माणूस सांगतोय की शेजारच्या एका बाईनं त्याला बोरमाळेचं घर दाखवलं. त्या बाई तुम्हीच का?"

सगळ्या माना वळल्या. ज्ञानदेव बघत होता, रंगुबाई बघत होती, रुपाली तर डोळे फाडून सासूकडं बघत होती. आपल्या पायावर आपणच धोंडा मारला, आणि तोही माईकसमोर.

तेवढ्यात सोजराबाई बोलली. "व्हय सायेब, तिनंच दावलं. आमचं ठरल्यालंच हाय तसं. तिचं गुडघं गेल्यात, तिला पळाया व्हत न्हाई. म्हणून म्या तिला सांगून ठिवलं हुतं, असला कुनी आला की त्येला माझ्याकडं धाड, म्या बघते."

आधी कुणीतरी हसलं, मग टाळ्या पडल्या. साहेबांनी एकदा हिच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. "ठीक आहे. पण पुढच्या वेळी चोर एकमेकींकडं धाडू नका. आधी फोन करा," ते म्हणाले आणि पुढचा प्रश्न घेतला. सोजराबाई खांबापाशी येऊन बसली आणि शालीचा अर्धा भाग तिनं गिताबाईच्या खांद्यावर टाकला. गिताबाईला ती शाल टोचत होती.

सभा सुटल्यावर दोघी बांधानं घरी निघाल्या. शेवगा जवळ आला तेव्हा गिताबाईला राहवेना.

"का खोटं बोललीस गं?"

"मग काय समद्या गावापुढं तुझी शोभा व्हऊ देऊ?" सोजराबाई म्हणाली. "त्या दिशी म्या हितंच, झाडाखाली शेंगा येचत हुते. तू बोट दावलंस, ते बघितलं म्या. बोललीस तेबी ऐकलं."

गिताबाईचे पाय जागीच थांबले. "समदं ऐकलंस? मग त्येला दारात कशाला उभा केलास? बोरमाळ कशी काडून दिलीस त्येच्या हातात?"

सोजराबाईनं नवलानं तिच्याकडं पाहिलं. "अगं, तू धाडला हुतास न्हवं? म्हनलं, गितीनं धाडलाय म्हंजी चांगलाच मानूस असंल."

एवढं बोलून तिनं शालीची घडी काखेत मारली, वर हात करून आपल्या बाजूच्या चार शेंगा तोडल्या, गिताबाईच्या ओच्यात टाकल्या आणि घरात गेली. गिताबाई झाडाखाली उभीच राहिली. रडावं, की मागं धावत जाऊन हिच्या झिंज्या उपटाव्यात, तिला कळेना. सोनं तिचं जड, शाल तिला, शेंगा तिच्या बाजूला, आणि आता मनानंसुद्धा मेली तीच मोठी निघाली. माणसानं शेजारणीसाठी काहीतरी मागं ठेवावं की नाही!

घरी रुपालीनं ताट वाढून ठेवलं होतं, शेंगांची आमटी आणि भाकर. "आत्ती, जेवा की. आज तर तुमचंबी नाव झालं."

गिताबाईनं घास मोडला, तोंडात घातला आणि किती तरी वेळ नुसती चावत राहिली. घास काही खाली जाईना.