फक्त माझ्यावर होणारं बिल्ड

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं एक ऑफिस आहे, तिथे खिडकीखालच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझा पंखा घरघरतो, कीबोर्डवरची तीन अक्षरं पुसून गेली आहेत. पण एके काळी माझा रुबाब काही औरच होता.

या ऑफिसात वेबसाइट बनवतात. माणसं वेगवेगळ्या फायलींत कोड लिहितात. त्या सगळ्या तपासून, जोडून चालती साइट तयार करणं हे माझं काम. त्याला बिल्ड म्हणतात. कुठे अडलं, की पडद्यावर लाल अक्षरांत चुकांची यादी येते. सात वर्षांपूर्वी मालकांच्या मेहुण्याने मला खोक्यातून काढलं, सगळी तयारी केली आणि पहिलं बिल्ड होताच माझ्यावर प्रेमाने थाप मारली. ती साइट होती एका डायलिसिस केंद्राची. रुग्ण तिच्यावर घरबसल्या आपली वेळ ठरवतात. पुढे मेहुणा दुसऱ्या नोकरीत गेला आणि साइट माझ्याकडे राहिली.

गंमत म्हणजे ती दुसऱ्या कुठल्याच संगणकावर तयार होत नसे. "जुन्याकडे पाठव, तो करतो," असं म्हणून सगळे मोकळे होत. मालक तर आल्यागेल्याला सांगत, "हा आपला हुकमी एक्का!" मी फुगून जायचो. असं का होतं, हे कुणी विचारलं नाही आणि मीही त्यावर डोकं चालवलं नाही.

मग माझ्या जागी नवा संगणक आला. त्याची मांडणी, म्हणजे त्यावर सगळं बसवून देणं, ऑफिसात नव्याने आलेल्या ताईकडे सोपवलं होतं. मूल मोठं होईपर्यंत आठ वर्षं घरी राहून ती नुकतीच कामावर परतली होती. तीन महिने काम बघू, मग नोकरी पक्की करू, असं ठरलं होतं. ते तीन महिने शुक्रवारी संपत होते आणि बुधवारी नव्यावरचं पहिलं बिल्ड कोसळलं. दोनशे ओळी, सगळ्या लालभडक.

"अहो, जुन्यावर होतंय, नव्यावर नाही," मालक म्हणाले. "म्हणजे मांडणीतच काहीतरी चुकलं ना तुमच्या?"

"बघते, सर," ताई एवढंच म्हणाली.

तिने सगळं काढून पुन्हा बसवलं. माझ्यावर जी सॉफ्टवेअर होती, तीच नव्यावर घातली. शेजारचा डिझायनर खुर्ची सरकवून विचारायचा, "शेवटची ओळ काय म्हणतेय?" यादी सरसर पळून गेली, की पडद्यावर शेवटच्याच ओळी उरतात, म्हणून सगळे तिथेच डोकं खुपसायचे. एक चूक मिटवावी, तर दहा नव्या हजर. गुरुवारी मालक कोरडेपणाने म्हणाले, "उद्या बसून बोलू." ताईने त्या दिवशी डबा उघडलाच नाही. आणि मी? मला बरंच वाटत होतं. नवा हरला होता ना!

शुक्रवारी सकाळी ती येऊन बसली आणि यादी वर सरकवू लागली. वर, आणखी वर, थेट पहिल्या ओळीपर्यंत. तिथे साधं वाक्य होतं: वेळांची फाइल सापडत नाही. बाकीच्या सगळ्या चुका त्या एकीच्याच पोटच्या होत्या. ज्यातून प्रत्येक संगणक फायली घेतो, त्या सर्वांच्या सामायिक साठ्यात ती फाइल नव्हतीच. मग ताई माझ्यासमोर आली, आणि माझ्या एका कोपऱ्यात तिला ती सापडली. तारीख सात वर्षांपूर्वीची, मेहुण्याच्या हातची. मी हुशार वगैरे काही नव्हतो. जे बाकीच्यांना मिळालंच नव्हतं, तेवढं माझ्याकडे होतं.

ती फाइल गुपचूप नव्यावर ठेवून ताई मोकळी झाली असती. कुणाला पत्ताही लागला नसता. तिचा हात क्षणभर थांबला. "नको. उद्या दुसऱ्या कुणाचे तरी असेच हाल होतील," ती पुटपुटली आणि तिने मालकांना बोलावलं. त्यांच्यादेखत तिने माझ्यावरची फाइल बाजूला काढून बिल्ड सुरू केलं. सात वर्षांत पहिल्यांदा माझा पडदा लालेलाल झाला.

मालकांनी मेहुण्याला फोन लावला. "अरे हो!" तिकडून आवाज आला. "घाईत तिथेच ठेवली होती. नंतर साठ्यात टाकू म्हटलं, ते राहूनच गेलं की!"

मालकांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "याला सात वर्षं डोक्यावर घेतलं आणि तुम्हाला दोन दिवस धारेवर धरलं. चुकलं माझं, ताई. सोमवारपासून तुम्ही पक्क्या."

ताईने फाइल सामायिक साठ्यात ठेवली. बिल्ड नव्यावर झालं, डिझायनरच्या संगणकावर झालं, माझ्यावरही झालं. आता मला कुणी एक्का म्हणत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्यांची धूळ झाडत जा, ही विनंती तर आहेच. पण लाल अक्षरं दिसली, की आधी वर जाऊन पहिली ओळ वाचा. आणि माणसाला बोल लावण्याआधी आपल्या लाडक्यालाही एकदा तपासून बघा. ताई माझ्यावर कधी रागावली नाही. संध्याकाळी निघताना ती मला नीट बंद करते, पडदा पुसते. तेव्हा मला आठवतं, दोन दिवस ती मान खाली घालून बसली होती आणि चूक माझ्या पोटात होती.