जेवून आले

पाचव्या पायरीवरचा हळदीचा डाग काही केल्या निघत नव्हता... रत्नमालाने ओढणीचं टोक ओलं करून पुन्हा घासलं, जीप खड्ड्यात आदळली, कार्ड हातातून निसटता निसटता राहिलं, आणि डाग तिथेच. कार्डावर एक शिडी, दहा पायऱ्यांची. सगळ्यांत खाली जगता येईल तितकं वाईट आयुष्य, सगळ्यांत वर जगता येईल तितकं चांगलं, आणि माणसाने बोट ठेवून सांगायचं की मी इथे. पोळ्याच्या आधीपासून ती हे कार्ड घेऊन शेलूबाजारच्या आसपासची गावं, वस्त्या, तांडे हिंडत होती आणि माणसं बोट ठेवत होती — पाचावर. हळद कुटता कुटता उठून आलेली पाचावर, शेणाचे हात धुऊन आलेला पाचावर, नातू मांडीवर घेऊन बसलेला म्हाताराही पाचावरच. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, तो या पंचक्रोशीत पाचव्या पायरीवरच येऊन बसला असावा. वरची दाखवली तर नजर लागते, खालची दाखवली तर लाज जाते. मधली बरी, मधल्या पायरीवरून कोणी पडत नाही.

आणि आता त्या पाचावरूनच सगळं अडलं होतं.

सकाळी नरेंद्रचा फोन आला होता. तो तिच्या पाहणीच्या कामावरचा पर्यवेक्षक, वयाने लहान, वागायला सरळ, त्यामुळे त्याच्यावर रागावताही येत नव्हतं. "ताई, तुमच्या तांड्यात सगळ्यांचं आयुष्य पाच आणि उपाशी कोणी नाही. बाजारातल्या दुकानदारांकडेसुद्धा एवढं समाधान निघालेलं नाही. इतकं एकसारखं उत्तर पुण्याचं ऑफिस धरत नाही. आज एका घरी जाऊन शांतपणे पुन्हा विचारा. काही फरक पडला तर सगळा तांडा नव्याने करू, नाहीतर तो वगळायचा." वगळायचा, म्हणजे कोणत्या समाजाचं कसं चाललंय याची जी सरासरी निघणार, ती हमरस्त्यावरच्या, नोकरदारांच्या, स्लॅबच्या घरांच्या तांड्यांवरून निघणार, आणि हा डोंगराकडेचा तांडा, जो दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे जातो आणि होळीला परततो, तो मोजणीपुरता नव्हताच असं होणार. तिला ते नको होतं. मोजलंच जायचं नसेल तर मग एवढं उन्हातान्हात फिरून आपण केलं काय?

पण विचारायचं कसं... नियम कडक होता: टॅबवर आहे तोच प्रश्न, त्याच शब्दांत, पदरचा एक शब्द घालायचा नाही. सगळ्यांना एकच माप, तरच तुलना. आणि हा नियम तिला मनापासून आवडायचा, हे कबूल करायला हवं. ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या दोन मापांनी मोजलं गेलं — एकाच वावरात एकच निंदण, पण मजुरी द्यायच्या दोन तऱ्हा, कोणाच्या हातावर ठेवून, कोणाच्या हातात वरून टाकून — त्या घरातल्या मुलीला एकच माप हे शब्द देवळातल्या प्रसादापेक्षा गोड लागतात. फक्त हल्ली रात्री अंथरुणावर पडलं की वाटायचं, माप एकच आहे खरं, पण ते सगळ्यांच्या तळापर्यंत पोचतंय का?

जीप फाट्यावर थांबली. ड्रायव्हर लालसिंगने न विचारताच तिची पिशवी उतरवून दिली. सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या होत्या. त्यांच्यामधून पायवाटेने ती चढू लागली, पोटात कावळे ओरडत होते, पिशवीतला डबा मांडीवर आपटत होता, आणि तो उघडायला एखादं झाडही तिला आडोशाचं वाटेना.

गोमतीबाई दारातच होती, सुपात मुगाची डाळ पाखडत. भिंतीला नवा निळा रंग, ओसरी ताजी सारवलेली. आत सून रंजीता काहीतरी घासत होती. या घरी पहिल्या खेपेला गोमतीबाईने आधी आडनाव विचारलं होतं, मग गाव, मग क्षणभर थांबून आत आवाज दिला होता, आणि चहा कागदी कपात आला होता. घरात दुसरे कप नव्हते, की होते? ते क्षणभर थांबणं मोजायचा प्रश्न टॅबमध्ये नाही. रत्नमालाने तेव्हा चहा पिऊन टाकला होता, आणि चांगला होता.

"आली काय वं बाई? अजून काही राह्यलं काय?"

"हो गोमतीबाई, थोडं राहिलं."

"बस मंग. जेवली काय?"

"हो, जेवून आले."

...शब्द तोंडातून निघून गेले आणि मग तिच्या कानावर आले. आवाज आपलाच, पण हेल कोणाचा? आईचा — चंपाबाईचा. आसेगावच्या शिवारात पंजाबरावांच्या वावरात निंदण चाललेलं, ऊन डोक्यावर, बायका बांधावर जेवायला बसलेल्या, आणि पंजाबरावांची बायको, मनाने चांगली बाई, पाटी डोक्यावरून उतरवत विचारते, जेवली का गं पोरी? आणि सहा-सात वर्षांची मी... मी पोट आत ओढून सांगते, हो, जेवून आलो. आईने घरून निघतानाच पढवलेलं असायचं. कारण विचारलं तर आई कारण सांगायची नाही, आजी सांगायची. आजी तरुणपणी गावात टोपलं घेऊन दारोदार फिरून भाकरी मागून आणायची, त्या भाकरीला हक्काची म्हणायचे, पण ती उरलेली असायची. मग आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी आल्या दिवशी ते टोपलं चुलीत घातलं. त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी भूक दुसऱ्याच्या दारात काढली नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. आम्हाला भांडं लपवायची पाळीच आली नाही, आम्ही ताकालाच गेलो नाही. जेवून आलो हे खोटं नव्हतं, ते आमच्या घराचं वचन होतं... आणि तरी पोट ते पोटच. बांधावरच्या त्या भाकरीचा वास अजून तिच्या नाकात होता, आणि त्याचा तिला आता, ओसरीवर बसल्या बसल्या, इतका राग आला की डोळे भरून आले.

कशाचा राग? पंजाबरावांच्या बायकोचा नव्हे. आईचा नव्हे, आजोबांचा तर नव्हेच. मग आपलाच की काय — महिन्याच्या महिन्याला पगार होणारी, पिशवीत पोळी-भाजी असलेली बाई, आणि भुकेचा साधा प्रश्न विचारला तर खोटं सांगते. आणि हिनेच घरोघर जाऊन लोकांना विचारायचं की जेवण टाळलं का, खरं सांगा. लोक का सांगतील? सगळा तांडा तिला तेच तर सांगत होता, जे ती आयुष्यभर सांगत आली. त्याला टॅबमध्ये 'नाही' असं म्हणतात.

आता उठून चालू पडणं सोपं होतं. ती उठली नाही.

"नाही," ती म्हणाली, आणि पुढच्या वाक्याला आजोबांना ओलांडून जावं लागलं, म्हणून ते कामाच्या भाषेत आलंच नाही. "नाही जेवली. भूक लागली मले."

गोमतीबाईचं सूप थांबलं. "मंग कायले म्हनते जेवून आली?"

"सवय."

गोमतीबाई तिच्याकडे बघत राहिली, मग हसली, तोंड भरून नाही, नाकातल्या नाकात. "सवय मले बी हाये," ती म्हणाली आणि आत आवाज दिला. रंजीताने ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी आणून ठेवली, स्टीलच्या ताटलीत. रत्नमालाने डबा उघडून पोळ्या मध्ये ठेवल्या. गोमतीबाईने त्यातली अर्धी पोळी तोडून घेतली आणि डब्यातली गवारीची भाजी तिखट आहे म्हणाली. इतक्या मोठेपणी दुसऱ्याच्या ओसरीवर भूक लागली म्हणून जेवायला कसं वाटतं, हे रत्नमालाला सांगता आलं नसतं. लाज वाटली, आणि भाकर गोड लागली; दोन्ही.

हात धुऊन तिने टॅब मांडीवर घेतला. मनात एक कुणकुण होतीच, की आपण आपली भूक आधी सांगितली, आता हिचं उत्तर निर्भेळ राहिलं का? पण जेवली का हा प्रश्न तरी कुठे टॅबमधला होता. तिने लिहिलेलं होतं तेच वाचलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता: "गेल्या महिन्यात, घरात खायला पुरेसं नाही म्हणून तुम्ही एखाद्या वेळी जेवण टाळलं का?"

गोमतीबाई सुपाकडे बघत होती. रत्नमाला थांबली. एरवी ती इथे प्रश्न पुन्हा वाचायची.

"तुले सांगतो," गोमतीबाई हलक्या आवाजात म्हणाली. "सरावनात घरात दाना कमी होता. पोरायले वाढलं, मानसायले वाढलं. मंग मी रंजीताले सांगो, मी जेवली, तू जेव. अन् थे मले सांगे, मी मघाच जेवली. दोघीले बी मालूम. दोघी बी भांडे घासून झोपून जाओ." आत भांडी घासण्याचा आवाज बंद झाला होता. "पन लिहू नोको."

"का?"

"परवा आमच्या पोरीले, निताले, पाहाले येऊन राह्यले. दारव्ह्याकडचे हायेत, घर चांगलं हाये."

रत्नमालाला हायसं वाटलं. याचं उत्तर तिच्याकडे होतं, प्रशिक्षणातलं. "तुमचं नाव कुठेच जात नाही, गोमतीबाई. हे घर कोणाचं ते कोणालाच कळणार नाही. फक्त तांड्याचं नाव जातं."

"तांड्याचं जाते?"

"हो."

"मंग?" गोमतीबाईने डाळीतला खडा काढून बाजूला टाकला. "थे तांड्यावरच त येऊन राह्यले."

यावर प्रशिक्षणात काही नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची — आणि ही मूठ एका बाईची नव्हती, अख्ख्या तांड्याने मिळून आवळलेली होती, लेकींची लग्नं आत धरून. ती उघडली नाही तर तांडा सरासरीतून गळणार. उघडली तर उपाशी तांडा म्हणून कायमचा कागदावर चढणार, आणि उद्या कोणी सोयरा म्हणणार, तिथली लेक काहून करावी. टॅबवर दोन गोल होते, हो आणि नाही, आणि एकावर बोट ठेवल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडत नव्हता. 'नाही' दाबलं असतं तर गोमतीबाईने तिला वर चहा पाजला असता. तिने टॅब बंद केला.

"'नाही' मी लिहिणार नाही," ती म्हणाली. "'हो' पण तुमच्या परवानगीशिवाय लिहिणार नाही. पाहुणे येऊन जाऊ द्या. मग मी परत येते."

"तवा बी मी हेच म्हनलं त?"

"तर आणखी एकदा येईन."

"जिद्दी हायेस," गोमतीबाई म्हणाली, आणि ते कौतुक होतं की तक्रार ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

फाट्यावर येऊन तिने नरेंद्रला फोन लावला. फरक पडला, तिने सांगितलं, तांडा नव्याने करायचाय, पण आज उत्तर देता येत नाही. तो म्हणाला, ताई, कोरं ठेवलं तर मला वगळावंच लागेल. ती म्हणाली, वगळू नका. पुणेकरांना सांगा की इथे उत्तर आहे आणि ते मिळायला वेळ लागतो, पटलं नाही तर त्यांचा नंबर मला द्या. आपण असं बोलू शकतो हे तिलाही नवंच होतं. तो म्हणाला, बघतो.

बघतो म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हतं. गोमतीबाई कधी हो म्हणेल का, आणि म्हणाली तरी ते लिहिणं हे तिच्यावर उपकार की अन्याय, हेही नाही. उन्हात उभ्या उभ्या तिला एवढंच स्पष्ट दिसत होतं की सकाळी निघताना जी भीती होती, आपलं काम खोटं ठरण्याची, ती आता नाही. तिच्या जागी दुसरंच काहीतरी बसलं आहे, जड, हलवता न येणारं, आणि तरी ते तिला हवं होतं. कारण तिच्या लहानपणीही कोणीतरी आसेगावात आलं असेल, वही घेऊन, चांगल्या मनाने, एकच प्रश्न एकाच शब्दांत विचारत. आमच्या वस्तीत त्या वर्षी सगळे जेवले होते, असं कुठेतरी लिहिलेलं असणार. मीच सांगितलं असेल, आईच्या शेजारी उभी राहून, चांगल्या खणखणीत आवाजात.