रेबेकाबाईंचं अक्षर

नामवंत लेखकांची हाताने लिहिलेली पत्रं जमवायची म्हणून पेणच्या पुंडलिकराव म्हात्र्यांनी आपली आई तीनदा मारली होती. मोठा लेखक स्तुतीला उत्तर देत नाही, रडणाऱ्या वाचकाला देतो, हे त्यांना पहिल्याच आईला कळलं. मग कुत्र्यांवर जीव असलेल्याला कुत्रा गेल्याचं कळवायचं, भाऊ गमावलेल्याला भाऊ. उत्तरं यायची, प्लास्टिकच्या पाकिटांत जाऊन बसायची. बायको सीताबाई हसायची, "आज कोणाला घालवलात?"

हाती लागत नव्हत्या त्या एकट्या रोह्याच्या रेबेकाबाई वाकरूळकर. त्यांच्या समाजाची बहुतेक घरं इस्रायलला गेली. त्या मागे राहिल्या आणि गेलेल्यांवर लिहून लिहून मोठ्या झाल्या. वाचकांच्या पत्रांना त्यांचा भाचा जोनाथन मोबाईलवरून दोन ओळी पाठवून मोकळा व्हायचा. मात्र ज्या घरी माणूस गेलं तिथे बाई स्वतःच्या हाताने लिहितात, असं ऐकिवात होतं. तरी कुठल्याच संग्राहकाकडे त्यांचं पत्र नव्हतं. ते पुंडलिकरावांना हवं होतं. त्यासाठी आई पुरणार नाही असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी पत्रात बायकोला घालवलं. ती गेल्यापासून वालाच्या आमटीला चव नाही, असं लिहिताना त्यांचे डोळे भरून आले. घरातल्या सीताबाईसाठी ते कधी भरले नव्हते.

एवढंच विसरले, की आपल्याकडे दुखवट्याला माणूस पत्रावर भागवत नाही. आणि रोहा ते काय लांब!

रविवारी सकाळी दारात गाडी थांबली. जोनाथनचा हात धरून पांढऱ्या साडीतली म्हातारी उतरली. मुठीत पाकीट. सीताबाई पडवीत वाल सोलत बसली होती.

"पुंडलिकराव तुम्हीच ना? मी रेबेका. पत्र लिहून ठेवलं होतं. मग म्हटलं, घरची बाई गेलीय, पोस्टाने काय पाठवायचं!"

"कोण गेली?" सीताबाईने विचारलं.

"यांची बायको गो. तुला ठाऊक नाय?"

सीताबाईने नवऱ्याकडे पाहिलं. अजून वेळ गेली नव्हती. पुंडलिकरावांनी पाकिटाकडे पाहिलं. त्यावर निळ्या शाईत, तिरप्या अक्षरात त्यांचं नाव होतं.

"ही कामाला येते," ते म्हणाले. "कानाने जरा कमी आहे."

वाल सोलणारे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

"कशी होती गो तुझी मालकीण?" रेबेकाबाईंनी मोठ्याने विचारलं.

"बरी होती. राबायची. यांच्या पाकिटांवरची धूळपण तीच पुसायची. आणि गेली कशी म्हणाल, तर तिचं तिलापण कळलं नाय."

"मग सुखाने गेली." म्हातारीने डोळे पुसले आणि पाकीट पुंडलिकरावांच्या हाती दिलं.

त्यांनी ते तिथेच फोडलं. दोन कागद, दोन्ही बाजूंनी भरलेले! ते पहिल्या ओळीवर असतानाच सीताबाईने पदराला हात पुसले आणि कागद त्यांच्या हातून अलगद काढून घेतले.

"साहेब, मयताचं पत्र घरात नेत नाय. उंबऱ्याबाहेर फाडायचं असतं."

"अगं पण हे—"

"घरात ठेवलं तर दुसरं मयत आणतं. व्हय ना हो आजी?"

"बरोबर बोलते ती," रेबेकाबाई म्हणाल्या. "सगळ्या घरांत फाडतात. म्हणून तर मी मन मोकळं करून लिहिते."

पुंडलिकरावांनी मान डोलावली. नको म्हणायचं तर बायको जिवंत करावी लागली असती. सीताबाईने घाई केली नाही. आधी उभं फाडलं, मग आडवं, मग नखाएवढं, आणि वालाच्या सालींत टाकलं. जोनाथनने पुंडलिकरावांच्या पाठीवर हात ठेवला, कारण ते आता खरोखरच रडत होते.

गाडी वळली तसे ते गुडघ्यांवर बसून साली चिवडू लागले. सीताबाईने मोरीतून बादली आणली आणि सगळी पडवीभर ओतली.

"अगं, शाई! शाई फुटली!"

"दुखवट्याची माणसं गेली की धुवून काढतात," ती म्हणाली. "आंघोळ करून घ्या. बायको गेलीय तुमची."

ती आत गेली आणि तिने कडी घातली. त्यांना ते ऐकूही आलं नाही. ते एका ओल्या तुकड्यावर हळूहळू फुंकर घालत होते.